कोनसेट कुणी आवळला

"कुठल्या गाढवानं आवळलाय हा कोनसेट?"

बाबांचा आवाज गॅरेजमधून थेट रस्त्यावर गेला. शेजारच्या टेलरनं मशीन थांबवून खिडकी लावून घेतली. लेक खाली मान घालून ताटलीतले नट पुसत राहिली.

मोटरसायकल स्टँडवर होती, पुढचं चाक अधांतरी. बाबांनी कोनसेटच्या बेअरिंगवर फिरणारं हँडल डावीकडे ढकललं. मध्येच अडलं. उजवीकडे ढकललं, तेच.

"हँडल आहे की खुंटा? अगं, नुसतं सोडलं की आपल्या वजनानं पडायला हवं ते! वळणावर गाडी वळायचीच नाही, सरळ जाशील ट्रकखाली. उद्या हिच्यावरून लांब जायचंय म्हणतेस ना?"

"हो, बाबा."

"मग मरशील! चाळीस वर्षं हात काळे केले या धंद्यात, पण असला हलगर्जीपणा नाही पाहिला. नाव काय त्या मिस्त्रीचं?"

"जाऊ द्या ना."

"जाऊ द्या? कानाखाली जाळ काढतो त्याच्या! नाव सांग."

"आधी गाडी होऊ दे. मग सांगते."

रागानं त्यांच्या हातांना बळ आलं होतं. हँडल निघालं, चाक निघालं, पुढच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्या निघाल्या. हातोडी-सुंब्यानं ठोकून त्यांनी कोनसेटच्या जुन्या वाट्या काढल्या, तशा आतल्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या. वाट्यांना खड्डे पडले होते. बाबांनी लेकीचं बोट धरून त्या खड्ड्यांवरून फिरवलं.

"लागलं हाताला? गोळ्या रुतून बसल्यात. माझी लेक म्हणवतेस आणि तुला हे दिसलं नाही? डोळे काय कपाटात ठेवलेस?"

"तुम्ही शिकवलंत तेवढंच येतं मला," लेकही तडकून म्हणाली.

"मग नीट शिकली नाहीस! बावळट कुठली. आण ते फ्रीजमधलं."

टेपर बेअरिंगच्या नव्या वाट्या तिनं बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. गारठून आक्रसल्या की हलक्या ठोक्यानं जागेवर बसतात. ही युक्ती बाबांचीच. त्या वाट्या घ्यायला लेक आत गेली तेव्हा आई ओट्यापाशी उभी होती.

"ओरडताहेत का गं?"

"कडाडून."

आई भांडी घासत राहिली.

वाट्या बसल्या. ग्रीस भरलं. मऊ पडलेल्या स्प्रिंगांच्या जागी कडक स्प्रिंगा गेल्या. ऑइल दोन्ही नळ्यांत पट्टीनं मोजून सारखं केलं. लेकीनं चुकीचा पाना पुढे केला, त्यावरून तिचा पुन्हा उद्धार झाला.

"नट आधी पुरता आवळायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा. बघतेस ना? इथंच त्या बैलानं माती खाल्ली. आवळला आणि निघून गेला!"

शेवटी त्यांनी हँडलला बोट लावलं. ते अलगद डावीकडे पडलं. उजवीकडेही पडलं.

"आता बोल. कोण तो नालायक?"

"सांगते. हात धुवा, चहा घ्या."

बाबा खुर्चीत बसले. अर्धा कप होईस्तोवर त्या मिस्त्रीच्या सात पिढ्या काढून झाल्या. मग मध्येच वाक्य तुटलं. त्यांनी कप खाली ठेवला, मोटरसायकलकडे पाहिलं, मग लेकीकडे. अवघडून उठले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आपण कोण? कुणाकडे आलात?"

लेकीच्या डोक्यात सणक गेली. कप भिंतीवर फोडावासा वाटला, पण राग काढायचा कुणावर?

"इथंच शेजारी राहते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

आई त्यांचा हात धरून आत घेऊन गेली. त्यांना निजवून परत आली आणि दारातच थांबली.

"आज किती वेळ ओळखलं?"

"सव्वादोन तास. गेल्या रविवारपेक्षा वीस मिनिटं जास्त."

मग लेकीनं पाना उचलला, नव्या स्प्रिंगा आणि नव्या वाट्या काढून पुसून डब्यात ठेवल्या, खड्डे पडलेल्या जुन्या वाट्या परत ठोकून बसवल्या, आणि हँडल मध्येच अडेपर्यंत, अंगातलं सगळं बळ लावून, नट आवळला.