डब्यातला आवाज

माझी नात हरिणी कुंभकोणमच्या घरी बसून परगावच्या प्रोग्रामरना कंटेनर शिकवत होती. “हा संगणकातला डबा. हवं ते बाहेर ठेवा आणि बेधडक पुसा, सूचनांवरून पुन्हा तसाच तयार होतो,” म्हणत तिने स्वतःचा पुसला. नवा डबा आला, पण रिकामाच आला. तिची बोटं थांबली. नमुन्यादाखल तिने त्यात यांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, आवाज ठेवला होता, हे जाण्यापूर्वी आमच्या तंजावरी मराठीत रेकॉर्ड केलेला. “आजी, आजोबांना बाहेर ठेवायचं विसरले गं.” दुसरी प्रत नव्हती. तेवढ्यात पडद्यावरून कुणी ओरडलं, “अक्का, माझा डबा जसाच्या तसा आला!” “शाबास,” म्हणून तिने माइक बंद केला. “आजोबा मला ‘जेविलीस की?’ कसं विचारायचे?” मी म्हणून दाखवलं, यांच्यासारखाच शेवटी हेल काढून. “तसंच ना?” “तसंच,” ती म्हणाली, “पण आवाज तुझा आहे, आजी.”