दातावर दात

डॉक्टर खांडेपारकरांनी दात सरकवणारा शेवटचा पारदर्शक साचा, अलाइनर, अलगद काढला आणि यामिनीने आरशावर झडपच घातली. जमलं होतं! वरचा सुळा शेजारच्या दातावर ऐटीत चढून बसला होता.

"हे अलाइनर बनवणारं यंत्र शेवटपर्यंत भांडलं माझ्याशी," डॉक्टर हसत म्हणाले. "दात वाकडे होताहेत, उपचार थांबवा, म्हणून दर वेळी कोकलायचं. चाळिशीच्या बाईचे सरळ दात मुद्दाम वाकडे करायचे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं."

त्याला तरी काय बोल लावायचा? बाराव्या वर्षी प्रत्येकाचे दात सरळ करायचा कायदा यामिनीच्या लहानपणीच आला होता. आता अख्ख्या सांगलीत एकसारखंच हसू. वाकडे दात उरले ते आईसारख्या मोजक्या म्हाताऱ्यांचे, आणि आई तर हसू आलं की तोंडावर हात धरायची. फोटोतसुद्धा.

यामिनी घरी अक्षरशः पळत आली. इतके दिवस ओठ मिटून जपलेलं गुपित आता तिला आवरेना. आई गवार निवडत बसली होती. यामिनी तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि तोंडभर हसली.

"अगं, काय करून घेतलंस हे!" आई ओरडली. "चांगले मोत्यासारखे दात होते!"

"मला तुझ्यासारखे हवे होते."

आईने पुढे वाकून तो दात निरखला. मग तिला हसू फुटलं. सवयीने हात वर गेला, पण तोंडापर्यंत पोचलाच नाही. लेकीच्या त्या चढलेल्या दाताला बोट लावून आई खदाखदा हसत सुटली.