काठोकाठ पातेलं

माझ्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमधून मी आईला रोज मासळी बाजारात सोडतो. खड्ड्यांमुळे तिची कंबर धरली, तेव्हापासून ती ‘रिक्षा बरी’ म्हणायला लागली. मी हट्टानं महिनाभर खपून नवं सस्पेन्शन बसवलं. आज ती सोलकढीनं काठोकाठ भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन बसली. “एक थेंब सांडला, तर उद्यापासून रिक्षा!” वाटेत मांडवी भागातला स्पीडब्रेकर आला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी दाणकन आदळली, माझे दात एकमेकांवर आपटले. कढी मात्र सांडली नाही. मी वळून पाहिलं. पातेलं मांडीवर नव्हतंच. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी सांभाळलेल्या आईनं ते दोन्ही हातांनी अधांतरी धरलं होतं. कमरेतली कळ सोसत ती हसली. “झाली की रे बरी गाडी!” मी गाडी वळवली. “अरे, बाजार तिकडे ऱ्हायला!” “गॅरेज इकडे आहे, आई.”