एकतीस रिबाउंड

"जोकिमभाई, ये लेटर वापस ले लो," खैरुद्दीन म्हणाला. "समझो मैंने पढ़ा ही नहीं."

जोकिम तुस्कानोने मान हलवली. सहा फूट सात इंचांचा हा माणूस क्लबच्या ऑफिसातल्या खुर्चीत कधीच नीट मावला नव्हता. आज तर तो शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा अवघडून बसला होता.

शारजातल्या त्या बास्केटबॉल क्लबने नवा हॉल बांधला होता आणि येत्या गुरुवारी उद्घाटन होतं. भिंतीवरच्या पहिल्या पाटीवर जोकिमचं नाव लागणार होतं. क्लबकडून सहा मोसम, आणि त्याआधी मुंबईत कॉलेजच्या फायनलमध्ये एका सामन्यात एकतीस रिबाउंड. कुणाचाही नेम चुकला की रिंगवरून उडालेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून झेलायचा, हे त्याचं काम. खैरुद्दीन तेव्हाही क्लबचा मॅनेजर होता. ते एकतीस स्वतःच्या डोळ्यांनी मोजून त्याने नव्वद साली जोकिमला इकडे आणलं होतं.

"जो सच है वही लिखा है," जोकिम म्हणाला. "मेरा नाम मत लगाना."

खैरुद्दीनने पत्र पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कमिटी को दिखाना पड़ेगा. फिर खलास."

"खलास," जोकिम म्हणाला आणि उठला.

बायकोला, एमिलीला, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. शहाण्णव साली खेळ सोडला तेव्हाही नाही. सत्तावीस वर्षांचा धडधाकट गडी, दुबईतला मोठा क्लब तीन वर्षांचा करार घेऊन दारात उभा, आणि हा म्हणाला, गुडघा गेला. गुडघ्याला काहीएक झालं नव्हतं. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा ह्याला कॉलेजच्या टीममधला प्रल्हाद आठवायचा, आणि ते सोसेनासं झालं होतं. तेव्हापासून गेली सात वर्षं तो बर दुबईतल्या एका हॉटेलात सिक्युरिटी सांभाळत होता.

"एवढा देह देवाने काय लिफ्टजवळ उभा राहायला दिला?" असं एमिली अजून विचारायची. तो जेवत राहायचा.

क्लबमधलं काम झालं. आता प्रल्हाद राहिला होता. मैत्री तुटली तर तुटली, पण आज बोलायचंच, असं ठरवून तो इंडस्ट्रियल एरियाकडे निघाला.

प्रल्हाद तिथल्या एका गॅरेजात फोरमन होता. कॉलेजातला त्याचा जोडीदार, मुंबईतला सगळ्यात पक्क्या नेमाचा खेळाडू. ही नोकरी जोकिमनेच खटपट करून लावून दिली होती, आणि प्रल्हाद ते भेटेल त्याला सांगत सुटायचा. दर वेळी जोकिमला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अरे, आज इकडे कसा?" प्रल्हाद एका पिकअपखालून बाहेर आला. "थांब, घरी वीणाला फोन करतो. जेवूनच जा."

"नको. आधी ऐकून घे."

"बोल ना."

"आपली फायनल. आदल्या संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर मी हॉलमध्ये मागे राहिलो. शिडी लावली आणि दोन्ही रिंगांचे बोल्ट ढिले केले. बोटभर कलल्या. खालून कळणार नाही इतपत."

प्रल्हाद हात पुसत होता, तो थांबला. "कशाला?"

"खैरुद्दीन एकालाच नेणार होता. सगळे म्हणत होते, प्रल्हादच जाणार. तुझा नेम चुकला की चेंडू माझा, एवढंच डोक्यात होतं."

आणि नेम चुकलाच होता. बावीस शॉटपैकी प्रल्हादचे चारच आत गेले. बाकीच्या चेंडूंसाठी जोकिम उड्या मारत राहिला. सामना कसाबसा जिंकला, पण प्रेक्षकांनी प्रल्हादची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्याविषयी नको ते छापून आलं. त्यानंतर त्याने चेंडूला हात लावला नाही. जोकिमने त्या सामन्यात रिंगकडे निरखून पाहण्याची हिंमत केली नव्हती, आणि पुढे त्या हॉलमध्ये कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

"तुझी जागा मी चोरली, प्रल्हाद. चौदा वर्षं हे गिळून बसलोय. तू माझ्या पोरीला खेळवतोस, माझ्या घरी जेवतोस, आणि मला तुझ्याकडे बघवत नाही."

प्रल्हाद आडव्या ठेवलेल्या टायरवर बसला. त्याचा आवाज चढला नाही.

"म्हणजे तुझा गुडघा?"

"ठीक आहे. तेव्हाही ठीक होता."

"दुबईवाला करार तू ह्याच्यासाठी सोडलास?"

"हो."

"आणि ती पाटी?"

"आत्ताच लिहून देऊन आलो. कमिटीसमोर जाईल. नाव निघालं."

प्रल्हादने हातातल्या फडक्याची घडी करून खाली ठेवली. जोकिम वाट बघत होता. शिवी चालली असती, थप्पड चालली असती. पण प्रल्हादने वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

"अरे वेड्या, एकदा विचारायचंस तरी," तो म्हणाला. "फायनलच्या सकाळी सहालाच मी एकटा सरावाला गेलो होतो. पहिला शॉट बाहेर गेला तेव्हाच वर बघितलं. आपल्या हॉलचा शिपाई भिकाजी होता ना, त्याला शिडी धरायला लावली आणि दोन्ही रिंगा मी माझ्या हातांनी सरळ केल्या."