पंचाहत्तरीची चटणी

लीलावतीबाईंनी भिजवलेली आमसुलं मिक्सरच्या भांड्यात लोटली, वर गूळ, जिरं, हिरवी मिरची टाकली. झाकण लावलं, तोच त्यांच्या मुलाने, विश्वजितने, बटणावर हात ठेवला.

"आई, आज नको. पंचाहत्तरावा वाढदिवस तुझा. ही श्राद्धाची चटणी."

"मग?"

"मग काय! अपशकुन असतो."

विश्वजित बँकेत होता. इंदिरा नगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा त्याने पुराचासुद्धा विमा उतरवला होता.

"काल तुझ्या अंगावर पित्त उठलं," लीलावतीबाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा हीच आमसुलं कोळून चोळली. तुझ्या बायकोच्या टाचांना कोकमाचं तेल चालतं. आमटीत तर रोज पडतात. मिक्सरमध्ये फिरली की मात्र अपशकुन?"

सुरुचीने हसू दाबलं आणि नवऱ्याकडे पाठ करून कढई ढवळू लागली.

"बाबांच्या पानावर वाढतो आपण ती." विश्वजितचा आवाज उतरला.

"त्यांना कुठे आवडायची? होते तोवर वाटी सरकवून द्यायचे. आता वाढते, तर काही बोलत नाहीत. आवडते ती मला. पण माझी पाळी येईतो भटजी नि कावळा मिळून वाटी साफ. आणि माझ्या नावाने कराल, तेव्हा मी पंगतीलाच नसणार. हात काढ."

त्याने हात काढला. मिक्सर घरघरला.

दुपारी बाल्कनीच्या दाराशी टेबलावर ताटं मांडली. नात शर्वरीने आजीच्या वाटीत बोट बुडवून चाटलं.

"आजी, ये तो कमाल है यार! साल में एक ही बार क्यों बनती है?"

"कुणीतरी मेलेलं लागतं तिला. विचार तुझ्या बाबांना."

बाबा खाली मान घालून वरणभात कालवत राहिले.

तेवढ्यात कठड्यावर कावळा येऊन बसला. मान वाकडी करून त्याने थेट चटणीकडे पाहिलं. विश्वजितचा घास हातातच राहिला.

लीलावतीबाईंनी वाटी जवळ ओढली.

"हुश! माझं जेवण चाललंय अजून."

कावळा हलला नाही. त्याही हलल्या नाहीत. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी वाटी बोटाने सावकाश निपटली.