सरांचा सिद्धांत

एकमेकांशी व्यापार करणारे देश लढत नाहीत, या एका सिद्धांतावर सरांची तीस वर्षांची प्राध्यापकी उभी होती. सीमेवर रणगाडे जमले, तेव्हा त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने घाबरून विचारलं होतं, "सर, आईला तिकडून घेऊन येऊ का?"

"वेडी आहेस का? स्वतःच्याच पोटावर पाय कोण देईल?" सर हसले होते. तिने तिकीट रद्द केलं होतं.

युद्धाच्या तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या केबिनमध्ये आली. "सर, आईचा फोन लागत नाहीये."

सरांचा चेहरा पडला. उठून त्यांनी दार लावून घेतलं, तिला पाणी दिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तेव्हा मी काय बोललो, ते कुणाला सांगू नकोस हं. हे युद्ध अटळच होतं, असं संध्याकाळी टीव्हीवर सांगायचंय मला."