हिरव्या शाईची चिठ्ठी

शाळेत आलेल्या नर्सताईंनी खडूच्या खोक्यातून आम्हा मुलींच्या प्रश्नांची पहिलीच चिठ्ठी काढली आणि मी पेन मुठीत लपवलं. नाव लिहायचं नव्हतं, पण शाई हिरवी होती. सातवीत हिरवं पेन माझ्या एकटीचं!

“छातीत एका बाजूला दुखरी गाठ आलीय. मावशी गाठीनंच गेली. मीही मरणार का?” ताईंनी वाचलं.

ताई वर बघून हसल्या.

“मरतेस कसली! वयात येताना अशीच सुरुवात होते, आधी एका बाजूला. आणखी कुणाला झालंय?”

कबड्डीवाल्या भार्गवीनं पहिला हात वर केला. मग शेवटच्या बाकानं. मग हातच हात! सगळ्याजणी एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या.

मीही हात उंचावला. हिरवं पेन तसंच मुठीत होतं.